गणपूर्तीविना चालणारी सभा

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी आपापसांत बोलण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, याविषयी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मौन बाळगून आहे. आणि हे मौन समजण्याजोगे आहे, कारण सभासदांना बोलते कसे करावे हा प्रश्न सहकार चळवळीला कधीच पडला नव्हता, बोलणाऱ्यांना थांबवावे कसे हाच पडला होता. त्यासाठी अधिनियमाने, आणि त्याखालील आदर्श उपविधींनी, म्हणजे संस्थेच्या रोजच्या कारभारासाठी घालून दिलेल्या नमुना नियमांनी, चोख व्यवस्था केली आहे. वार्षिक सभेची लेखी सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते, तिच्यासोबत विषयपत्रिका जोडावी लागते, ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो, आणि एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक समोर बसल्याखेरीज सभा सुरू करता येत नाही. या शेवटच्या अटीला गणपूर्ती म्हणतात. ती होणार नाही हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे सूचनेच्या तळाशीच छापलेले असते की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व त्या वेळी गणपूर्तीची अट राहणार नाही. अनुभवी सभासद त्यामुळे घरून निघतानाच अर्धा तास उशिरा निघतात, आणि त्यांच्या उशिरा येण्यामुळेच गणपूर्ती होत नाही.

मोबाईलवरील संदेशसमूहाने, म्हणजे ज्याला सर्व थरांतील मराठी भाषक 'ग्रुप' म्हणतात त्याने, ही सारी तटबंदी एका दमात ओलांडली. ग्रुप ही विनासूचना भरलेली, विषयपत्रिका नसलेली, अध्यक्षाविना चालणारी आणि कधीही तहकूब न होणारी सर्वसाधारण सभा होय. तिच्यात पहाटे पाच वाजता सुप्रभात होते, दुपारी टँकर येतो आणि रात्री साडेअकराला कोणीतरी २०११ सालच्या रंगकामाचा हिशेब मागतो. अशा सभेत वर्षातून दोनदा मोठे भांडण होते, आणि दुसऱ्या भांडणानंतर असा विचार पुढे येतो की दोष माणसांचा नसून माध्यमाचा आहे, तेव्हा माध्यम बदलावे. समूहमाध्यमांच्या मूल्यमापनाचे शास्त्र, निदान गृहनिर्माण संस्थांपुरते, याच क्षणी जन्माला येते.

या कामासाठी नेमल्या जाणाऱ्या उपसमितीची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच आढळते. तिच्यात एक निवृत्त बँक अधिकारी असतो, कारण त्याला तक्ते आखण्याची सवय असते; एक हिंजवडीला किंवा ऐरोलीला जाणारा संगणक अभियंता असतो, कारण तो 'त्याच लाइनमधला' असतो; आणि तिसरा सभासद असा असतो की जो उपसमिती नेमली गेली त्या सभेला गैरहजर होता आणि म्हणून नकार देऊ शकला नाही. उपसमिती प्रथम तक्ता आखते. उभ्या रकान्यांत सॉफ्टवेअरची नावे आणि आडव्या ओळींत निकष येतात: खर्च, सुरक्षितता, वापरण्यातील सुलभता, जुने संदेश शोधण्याची सोय इत्यादी. प्रत्येक निकषाला दहापैकी गुण दिले जातात आणि हे गुण कोठून आले असे कोणी विचारू नये म्हणून ते एका दशांश स्थळापर्यंत दिले जातात. तक्त्यात सॉफ्टवेअर काय काय करू शकते हे सविस्तर येते. लोक त्याचा वापर कशासाठी करणार आहेत, या विषयाला मात्र रकाना नसतो, आणि मूल्यमापनातील पुढील सर्व अपघात या एका अनुपस्थितीतून उद्भवतात.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे अठ्ठेचाळीस सदनिकांची, दोन विंगांची, पावसाळ्यात गळणारी एक संस्था गृहीत धरली आहे.

अभियंत्याचा पहिला प्रस्ताव बहुधा स्लॅकचा असतो, कारण तो ते कार्यालयात दिवसभर वापरतो आणि त्याला वाटते की सुखाची कल्पना सर्वांची सारखीच असते. स्लॅकचा उगम मनोरंजक आहे: ग्लिच नावाचा संगणकीय खेळ बनवणाऱ्या कंपनीने आपल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून एक साधन तयार केले, पुढे २०१२ मध्ये खेळ बंद पडला आणि बोलण्याचे साधन तेवढे उरले. काम बुडाले तरी बोलणे टिकते, हा अनुभव सहकारी संस्थांना नवा नसल्यामुळे उपसमितीला येथपर्यंत आपुलकी वाटते. अडचण पुढे येते. २०२२ पासून स्लॅकच्या विनामूल्य योजनेत मागील नव्वद दिवसांचेच संदेश पाहता येतात, आणि तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीघरातून दुसऱ्या मजल्यावर होणाऱ्या गळतीच्या वादाचे सरासरी आयुष्य नव्वद दिवसांपेक्षा कितीतरी अधिक असते. दुसऱ्या मजल्याला 'दुरुस्ती करून देतो' हे वाक्य कायमचे जपून ठेवायचे असते. तिसऱ्या मजल्याला स्लॅक सर्वांत सोयीचे वाटते. पैसे भरल्यास नव्वद दिवसांपूर्वीचेही दिसू लागते, पण ते पैसे दरडोई दरमहा भरायचे असतात हे कळताच खजिनदार बैठकीतून उठतात आणि गळती न थांबवता तिची नोंद ठेवण्यासाठी इतका खर्च करणे लेखापरीक्षकाला समजावता येणार नाही, असा योग्य शेरा मारतात.

डिस्कॉर्ड हे २०१५ मध्ये मुख्यतः खेळाडूंसाठी, अर्थात मैदानाऐवजी पडद्यावर खेळणाऱ्यांसाठी, निघालेले माध्यम आहे. त्यात प्रत्येक विषयाला स्वतंत्र वाहिनी करता येते आणि प्रत्येक व्यक्तीला भूमिका देऊन तिचे नाव त्या भूमिकेच्या रंगात दाखवता येते. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांचे रंग ठरवण्यात उपसमितीच्या दोन बैठका जातात. त्या व्यर्थ गेल्या असे मात्र म्हणता येत नाही, कारण इमारतीच्या बाहेरील रंगाचा प्रश्नही त्याच ओघात पुन्हा उघडला जातो. पाणी, पार्किंग, लिफ्ट आणि कुत्री अशा चार वाहिन्या पाडण्यामागे असे गृहीत असते की माणूस एका वेळी एका विषयावर बोलतो. प्रत्यक्षात पार्किंगविषयीचे विधान तिसऱ्या वाक्याला कुत्र्यावर जाते, कुत्र्यावरून कुत्र्याच्या मालकावर, मालकावरून त्याच्या थकबाकीवर आणि थकबाकीवरून मागील निवडणुकीवर. विषयांतर हा सोसायटीतील संभाषणाचा दोष मानणे शास्त्रीयदृष्ट्या चूक ठरते. विषयांतर हेच ते संभाषण असते, मूळ विषय केवळ निमित्ताला असतो.

डिस्कोर्स या सॉफ्टवेअरची हकीकत याहून बोधप्रद आहे. ते २०१३ मध्ये जेफ ॲटवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशात आणले, त्याची संहिता सर्वांसाठी खुली आहे, आणि स्वतःचा सर्व्हर, म्हणजे चोवीस तास चालू राहणारा संगणक, सांभाळण्याची तयारी असेल तर ते फुकट वापरता येते. शांत, सविस्तर आणि विषयाला धरून चर्चा व्हावी या हेतूने त्यात सदस्यांच्या विश्वासाच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. नवा येणारा प्रत्येक जण शून्याच्या पायरीवर असतो; मूळ मांडणीप्रमाणे त्याने किमान पाच विषय उघडले, तीस नोंदी वाचल्या आणि एकूण दहा मिनिटे वाचनात घालवली, म्हणजे तो पहिल्या पायरीवर चढतो. गुणवत्तेच्या दृष्टीने ही योजना निर्दोष आहे, पण १९८८ पासून संस्थेत राहणाऱ्या, दोनदा अध्यक्षपद भूषवलेल्या आणि बिल्डरविरुद्धचा दावा स्वतः लढवलेल्या गृहस्थांना यंत्राने 'आपल्यावरील विश्वास : शून्य' अशा अर्थाचे काही दाखवले असता त्यांना दहा मिनिटे वाचत बसण्यास सांगणार कोण, हा प्रश्न उपसमितीत अनुत्तरित राहतो. बोलण्याचा अधिकार ऐकण्याने मिळवायचा असतो, ही कल्पनाच मुळात सर्वसाधारण सभेच्या परंपरेला परकी आहे.

टेलिग्रामची क्षमता डोळे दिपवणारी आहे, कारण त्याच्या एका समूहात दोन लाख माणसे मावतात आणि अठ्ठेचाळीस सदनिकांच्या संस्थेला पुनर्विकासानंतरही इतक्यांची गरज भासण्याचा संभव कमी आहे. तेथे निर्णायक ठरते ती एक बारीक तरतूद: नव्याने आलेल्याला समूहातील जुने संदेशही दाखवता येतात. सदनिका विकू पाहणाऱ्या सभासदांचा या तरतुदीला एकमुखी विरोध असतो. खरेदीदाराला गळती, लिफ्ट आणि शेजारी यांचा परिचय नोंदणीनंतर टप्प्याटप्प्याने व्हावा, पूर्वतयारी म्हणून होऊ नये, असे त्यांचे म्हणणे असते. व्हॉट्सॲपवर पूर्वीचे संदेश नवागताला आपोआप दिसत नाहीत, आणि त्या माध्यमाच्या लोकप्रियतेच्या कारणांत या विस्मरणाची गणना अभ्यासकांनी अजून केलेली नाही.

सिग्नल या माध्यमाचा उल्लेख केवळ ऐतिहासिक म्हणून करणे पुरेसे आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेच्या अटी बदलल्याचे जाहीर केले, इलॉन मस्क यांनी सिग्नल वापरा असा दोन शब्दांचा सल्ला दिला, आणि जगभरातून इतकी माणसे एकदम तिकडे गेली की काही दिवसांतच ती सेवा काही काळ कोलमडली. महाराष्ट्रातील संस्थांमध्येही स्थलांतराच्या घोषणा झाल्या. मात्र त्या व्हॉट्सॲपवर झाल्या, त्यांवरील चर्चा व्हॉट्सॲपवर झाली, आणि सिग्नलवर आता फारसे कोणी दिसत नाही ही तक्रारही यथाकाल व्हॉट्सॲपवरच नोंदवली गेली. माध्यमाचे मोल त्यातील सोयींवर नसून त्यात आधीपासून कोण आहे यावर ठरते, या तत्त्वाला नेटवर्क इफेक्ट म्हणतात, आणि ईथरनेटचे एक जनक रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की जाळ्याचे मोल सदस्यसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, कारण प्रत्येक जण इतर प्रत्येकाशी जोडला जातो. अठ्ठेचाळीस सदनिकांत अशा ११२८ जोड्या संभवतात. मेटकाफ यांच्यासमोर यंत्रे होती, म्हणून त्यांनी या आकड्याकडे मोल म्हणून पाहिले. सचिवांसमोर माणसे असतात, त्यामुळे ते त्याच आकड्याकडे संभाव्य भांडणांची संख्या म्हणून पाहतात.

या सर्व परीक्षणानंतर व्हॉट्सॲप शिल्लक राहते, आणि ते का शिल्लक राहते हे समजण्यासाठी त्यातील सुधारणांचा इतिहास सहकारी कायद्यातील दुरुस्त्यांच्या चष्म्यातून वाचावा लागतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये वाचलेल्या संदेशापुढे दोन निळ्या खुणा उमटू लागल्या. वरवर पाहता ही एक क्षुल्लक सोय होती, परंतु ज्या समाजात कोणत्याही अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय माणूस खिडकी सोडत नाही, त्या समाजाला ही घरबसल्या मिळणारी पोच वाटली. २०१८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली हे त्या खुणांवरून मान्य केले, तेव्हा या समजुतीला न्यायालयाचाही आधार मिळाला. वैयक्तिक संदेशांपुरत्या या खुणा बंद ठेवता येतात, ग्रुपमध्ये मात्र येत नाहीत. त्यामुळे सचिवांना मेंटेनन्सच्या सूचनेवर बोट दाबून धरले की ती कोणी वाचली आणि कोणी वाचली नाही याची यादी मिळते. थकबाकीदारांनी यावर शोधलेला उपाय असा की संदेश उघडायचा नाही, पडद्याच्या वरच्या पट्टीत जेवढा दिसतो तेवढाच वाचायचा. परिणामी सचिवही आता थकबाकीची रक्कम पहिल्या ओळीतच लिहितात.

२०१८ मध्ये दुसरी सुधारणा झाली: संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनपुरता मर्यादित करता येऊ लागला. ॲडमिन हे पद उपविधींत कोठेही नाही, त्याची निवडणूक होत नाही, मुदत संपत नाही, आणि पुष्कळ संस्थांत मूळ ॲडमिन सदनिका विकून बंगळूरला गेलेला असूनही तेथून पाण्याच्या वेळा वाचत असतो. सदस्याने काही आक्षेपार्ह लिहिले तर ॲडमिनला जबाबदार धरावे काय, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला असता २०२१ मध्ये असे सांगितले गेले की समान हेतू दिसत नसेल तर केवळ ॲडमिन असल्यामुळे तो दोषी ठरत नाही, कारण माणसे घेणे आणि काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नसते. व्यवस्थापक समितीच्या सदस्यांना हे निरीक्षण आपल्याही पदाला तंतोतंत लागू पडते असे वाटल्यास त्यांना दोष देता येणार नाही. अधिकार मर्यादित होताच अधिकृत ग्रुप शांत झाला, आणि त्याच संध्याकाळी समितीला वगळून दुसरा ग्रुप निघाला. पुढे विंगांचे ग्रुप, गणेशोत्सवाचा ग्रुप आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप अशी भर पडली. २०१८ मध्येच भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलण्याची मर्यादा घालण्यात आली होती, आणि सरासरी सभासदाच्या गरजा त्या मर्यादेत नेमक्या बसल्या.

सर्वांत घातक ठरली ती मात्र २०२२ ची सुधारणा, जिच्यामुळे ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडता येऊ लागले. तोपर्यंत एखादा सभासद बाहेर पडला की ती ओळ सर्वांच्या पडद्यावर उमटत असे आणि हा सभात्याग, म्हणजे निषेध म्हणून सभेतून उठून जाण्याचा प्रकार, सर्वांच्या साक्षीने पार पडत असे. दोघे तिघे फोन करीत, कोणी चहाला बोलावी, आणि दोन दिवसांनी अन्य एका ओळीने तो परत आल्याचे जाहीर होई. कॅलिफोर्नियातील अभियंत्यांनी हे प्रकरण संकोचाचे मानले आणि जाणाऱ्याची लाज राखण्यासाठी ती बातमी फक्त ॲडमिनला कळेल अशी योजना केली. रुसणाऱ्याला कोणाच्या लक्षात न येता रुसण्याची सक्ती करणे म्हणजे त्याचे एकमेव शस्त्र काढून घेणे होय, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. गेल्या साठ दिवसांत गेलेल्यांची यादी ग्रुपच्या माहितीत पाहता येते, पण रुसवा शोधून पाहावा लागला तर तो रुसवा राहत नाही, ती नोंद होते. यावर सभासदांनी तोडगा काढला आहे: आता बाहेर पडण्यापूर्वी चार परिच्छेदांचे निवेदन टाकले जाते, त्यात संस्थेसाठी केलेल्या कामांची यादी असते, आणि निवेदनानंतर बाहेर पडणे बहुतेकदा राहूनच जाते.

त्याच वर्षी मतदानाची सोय आली आणि बारापर्यंत पर्याय देऊन कौल घेता येऊ लागला. सहकाराचे मूलतत्त्व एक सभासद एक मत असे आहे. सदनिका संयुक्त नावावर असेल तर भागपत्रावर ज्याचे नाव आधी आहे तो मत देतो आणि भाडेकरूला मत नसते. व्हॉट्सॲपचे तत्त्व एक फोन एक मत असे असल्यामुळे ज्या घरात सासू, सुना आणि महाविद्यालयीन नातवंडे मिळून सहा फोन आहेत, त्या घराने ठरवलेला जिन्याचा रंग बहुमताने संमत होतो, आणि कोणी कशाला मत दिले हे सर्वांना दिसत असल्यामुळे पुढील आठवडाभर लिफ्टमध्ये शांतता असते. अशा कौलाला कायद्याने काही किंमत नाही. किंमत असलेला निर्णय सर्वसाधारण सभेतच घ्यावा लागतो, जेथे गणपूर्ती होत नाही.

सहभागाच्या विषमतेची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार अशा कोणत्याही समूहात नव्वद टक्के लोक फक्त वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात आणि एक टक्का लोक बहुतांश मजकूर लिहितात. अठ्ठेचाळीस सदनिकांचा एक टक्का हिशेबाने जेमतेम अर्धा माणूस भरतो. प्रत्यक्षात तो पूर्ण असतो, निवृत्त असतो, आणि त्याच्याकडे संस्थेच्या १९९४ पासूनच्या सर्व इतिवृत्तांच्या छायाप्रती असतात.

उपसमितीच्या तक्त्यात टिकाऊपणाचा निकष शेवटी, आणि अभियंत्याच्या इच्छेविरुद्ध, घातला जातो. निवृत्त बँक अधिकाऱ्याने त्यासाठी जमवलेली माहिती अशी: ज्यावर एके काळी मराठी समूहांची रेलचेल होती ते ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये निघाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, म्हणजे ज्या तारखेपर्यंत संस्थेला वार्षिक सभा घ्यावीच लागते त्याच तारखेला, गुगल प्लस २०१९ मध्ये गेले, याहू ग्रुप्स २०२० मध्ये, हाइक हे भारतीय माध्यम २०२१ मध्ये आणि कू २०२४ मध्ये. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोलीसारखा अपवाद वगळता समूहमाध्यमाचे आयुष्य पुनर्विकासाच्या एका प्रस्तावापेक्षा कमी भरते. तुलनेला पाया हवा म्हणून याच अधिकाऱ्याने तळमजल्यावरील काचेच्या सूचनाफलकालाही तक्त्यात एक रकाना दिला होता. खर्च, टिकाऊपणा आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी सुलभता या तिन्ही निकषांत फलकाला पूर्ण गुण पडले, किल्ली सापडत नसल्याबद्दल दोन गुण वजा झाले, आणि तरीही तो एकूण गुणांत पहिला आल्यामुळे अहवालात हा रकाना परिशिष्टात हलवण्यात आला.

अहवाल वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत, अध्यक्षांच्या परवानगीने, मांडला जातो. सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने पुन्हा भरलेली असते, थकबाकी आणि टँकर यांत दोन तास गेलेले असतात, आणि वडे गार होत असल्यामुळे अहवालाची नोंद घेण्यात येऊन सध्याचीच व्यवस्था पुढे चालू ठेवण्याचे सर्वानुमते ठरते. पंधरवड्यानंतर इतिवृत्ताचा मसुदा ग्रुपवर येतो आणि त्यात 'सर्वानुमते' या शब्दाला अभियंत्याचा आक्षेप असतो, कारण त्याने डिस्कॉर्डच्या बाजूने मत नोंदवलेले असते. हा आक्षेप तो ग्रुपवर लिहीत नाही, ई-मेलनेही पाठवत नाही. तो दोन प्रती छापून संस्थेच्या कार्यालयात जातो, एक प्रत आवक नोंदवहीत चढवून घेतो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही व तारखेसह पोच मागतो.